कियोकोबाईंचा मोगरा

ॲडम्सटाउन, आयर्लंड
९ मार्च २०२५

माझ्या पिशवीतले लोकरीचे पायमोजे कुणी काढले? तूच काढलेस. वजन जास्त होतंय म्हणालीस आणि त्या जागी मेतकुटाची बरणी कोंबलीस. आता मी मेतकूट पायाला चोळू?

चि. शोभना, आशीर्वाद घे. पोचले. फोनवर तू नुसती "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही" म्हणून ओरडतेस, म्हणून लिहितेय. आशिष पत्रं टपालात टाकेल. तो रोज नासच्या हॉस्पिटलात जातो, रुग्ण बघतो आणि घरी येऊन आईचा बीपी बघतो. सून नंदिनी सँट्रीला ऑफिसात जाते. तिला नावं ठेवायला अजून काही सापडलं नाही, शोधतेय. आणि शर्वाणी! चौदा वर्षांची घोडी, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र अर्धं इंग्रजीत. जेवलीस का विचारलं तर म्हणते, ग्रँड. पडलीस का विचारलं तरी ग्रँड. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी बापडी दोन दिवस इस्त्री शोधत होते.

शेजारी एक जपानी बाई राहते. कियोको नाव. नवरा इथलाच, आयरिश. तो गेला. लेक मेव्ह शनिवार-रविवारी येते. कियोकोबाई माझ्याच वयाची, पण पाठ माझ्यापेक्षा सरळ. त्यामुळे पहिल्या दिवशी मला आवडली नव्हती.

परवा मागच्या अंगणात गेले तर ही बाई शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या, उकडलेल्या पावट्यांची साल काढून ते चाळणीवर हाताने घासत बसलेली. मला राहवेना. कुंपणावरून म्हटलं, "अहो बाई, असं घासत बसलात तर उद्या उजाडेल." तिला काय कळणार! घरातून माझं पुरणयंत्र आणलं आणि दिलं कुंपणावरून. दांडा फिरवून दाखवला. तिनं फिरवला, खालून मऊ लगदा आला आणि ती तोंडावर हात धरून इतकी हसली की मला वाटलं, हिला दम लागतोय.

दुसऱ्या दिवशी पुरणयंत्र परत आलं. घासून लख्ख, आणि सोबत एका कागदावर एक मिठाई. रिकामं भांडं पाठवू नये हे तिलाही कळतं तर. फिकट गुलाबी फूल, पाच पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका, चिमणीच्या घासाएवढं. मी टाकलं तोंडात. शर्वाणी किंचाळली, "आजी! फर्स्ट बघायचा असतो!"

मिठाई काय बघायची असते? म्हणे बाहेर जे फुलतं ते करायचं, महिन्याला फूल बदलायचं. आत पुरणच आहे गं, पण वेलची नाही, जायफळ नाही, तूप नाही. नुसती सोज्वळ मिठाई.

तरी दिवसभर जिभेवर राहिली.

तुझी ताई, वसुधा


वाई
२० मार्च २०२५

ती. ताईस नमस्कार.

मोज्यांचं चुकलं. पण मेतकूट संपलं की माझी आठवण काढशील.

तुझ्या घराला रोज चक्कर मारते. दारातल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात. तू नाहीस म्हणून की काय, यंदा भरपूर आल्यात. शेजारची उर्मिला विचारत होती, देवाला थोड्या नेऊ का. मी म्हटलं, ताईला विचारते. तू ओरडशील म्हणून.

जपानीणबाईचं वाचून हसले. पण एक सांगते, रागावू नकोस. परक्याच्या घरी सारखं जात जाऊ नकोस. पहिल्यांदा कौतुक असतं, मग "आली पुन्हा म्हातारी" होतं. तू आशिषची आई आहेस, डॉक्टरची आई. मान राखून राहा. तिनं एकदा दिलं, तू एकदा दे, झालं.

पाडव्याला काय करणार? तिकडे कडुनिंब मिळतो का?

शोभना


ॲडम्सटाउन
१ एप्रिल २०२५

उर्मिलेला एक कळी द्यायची नाही. स्वतःच्या दारात लाव म्हणावं.

शोभना, कडुनिंब इथे कुठला? पण कडूची सोय झाली. पाडव्याच्या दुपारी मी पुरणपोळी घेऊन कियोकोबाईंकडे गेले. तू लिहिलं होतंस ना एकदा दे म्हणून, तर दिली. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. आधी मिठाई पुढे ठेवली. मी तशीच ठेवून चहाची वाट बघत बसले. चहा आला, हिरवागार, शेवाळ घुसळल्यासारखा, फेस आलेला, वाडग्यात. साखर नाही, दूध नाही. मी वाडगा उचलला, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि मिठाईकडे बोट केलं. आधी ते पूर्ण खायचं. मग चहा.

खाल्लं, मग प्याले. शोभना, नुसता पाला! पण तोंडात गोड होतं म्हणून तो कडूपणा बोचला नाही. आपण पाडव्याला निंब आणि गूळ एकदम चावून मोकळे होतो. हे लोक गोडाला आधी पाठवतात, वाट करून ठेवायला.

शर्वाणी मध्ये बसून दुभाष्यासारखी इकडचं तिकडे करत होती. कियोकोबाईंनी विचारलं, तुमच्या दारात आत्ता काय फुलतं? म्हटलं, मोगरा. तुझं पत्र आलेलंच होतं. शर्वाणीनं फोनवर चित्र दाखवलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं, वास कसा असतो विचारलं. आता वास कसा सांगायचा? मी म्हटलं, संध्याकाळसारखा. शर्वाणीनं काय सांगितलं देव जाणे.

आता खरी गोष्ट. बाईंची आठवण जायला लागलीये. मागे एकदा गॅसवर भांडं जळून काळं झालं, तरी त्यांना पत्ता नाही. मेव्ह घर विकतेय. मे महिन्यात त्यांना नासजवळ म्हाताऱ्या माणसांच्या घरात ठेवणार. तिथे त्यांच्या हाताशी उकळतं पाणी राहू देणार नाहीत. म्हणजे चहा संपला.

काल त्या स्वतः आल्या. इस्त्रीचे कपडे, कमरेत वाकून नमस्कार. शर्वाणीनं सांगितलं, "आजी, २६ तारीख, शनिवार, तीन वाजता. हा टेबलवाला चहा नाही. प्रॉपरवाला. सगळं ऑर्डरमध्ये. फक्त तुझ्यासाठी. तिला विसरायच्या आधी वन्स करायचा आहे. ओन्ली वन गेस्ट, आजी!"

मी म्हटलं, बघू.

शर्वाणी म्हणे, "बघू काय? से येस!" पहिल्या झटक्यात हो म्हणायला मी काय हावरट आहे? बाई वाकून निघून गेल्या. तुझं काय मत? लगेच लिही.

ताई


वाई
११ एप्रिल २०२५

ती. ताई,

पत्र आज मिळालं, आजच लिहितेय, स्पीड पोस्टाने पाठवते.

जा. पण रीत सोडून जाऊ नकोस. आमंत्रण वेगळं आणि बोलावणं वेगळं, हे मी तुला सांगायला हवं का? आमंत्रण महिनाभर आधी कुणीही देतं. त्या दिवशी पान मांडल्यावर माणूस दारात आला पाहिजे, "चला, तुमच्यासाठी खोळंबलोय" म्हणाला पाहिजे. ते आलं तर उठायचं.

गोदाकाकूकडची मुंज आठव. आई सकाळपासून नऊवारी नेसून ओट्यावर बसली होती. बोलावणं आलं नाही. वाजंत्री ऐकू येत होती, तरी आई उठली नाही. आपण दोघी मुठीमुठीने भात खाऊन झोपलो. पण पुढे कुणाची आईला गृहीत धरायची छाती झाली नाही.

ती बाई पाच पावलांवर राहते. खरंच हवी असशील तर येईल की हाक मारायला.

पुरणपोळ्या मात्र घेऊन जा, रिकाम्या हाताने नको.

शोभना


ॲडम्सटाउन
२७ एप्रिल २०२५

तुझं ऐकलं. झालं समाधान?

काल मी गेले नाही. म्हणजे बोलावणं आलं नाही. सकाळीच पोळ्या केल्या. जेवणानंतर हिरवी जरीकाठी नेसले आणि वरच्या खिडकीत बसले. तिथून तिचं दार स्पष्ट दिसतं. आशिष ड्युटीवर, नंदिनी बाजारात, शर्वाणी काठी घेऊन चेंडू हाणायच्या मॅचला. घरात मी एकटी.

थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या. त्यांचा तो लांब झगा, राखाडी, वर रुंद पट्टा. हातात छोटी बादली आणि लाकडी पळी. आणि काय केलं असेल? पायरीवर, वाटेवर पाणी शिंपडलं! सकाळभर पाऊस पडून गेलेला. या देशात आभाळच रोज सडा घालतं, आणि ही बाई वर पाणी शिंपडतेय! मला हसू आलं. मग त्या आत गेल्या आणि दार नीट लावलं नाही. हात जाईल एवढी फट तशीच. इथे दार उघडं राहिलं की नंदिनी ओरडते, ऊब जाते म्हणून. मला वाटलं, विसरल्या. जाऊन ओढून घ्यावं असंही मनात आलं. पण मग मी बोलावण्याशिवाय आल्यासारखं दिसलं असतं.

तीन वाजले. कुणी आलं नाही. साडेतीन. माझी पाठ दुखायला लागली. मी म्हटलं, ठीक आहे बाई, तुला गरज नाही तर मलाही नाही. कधीतरी दार लागलं.

शर्वाणी चिखलाने माखून आली. "आजी, टी कसा झाला?" म्हटलं, बोलावलंच नाही तिनं. "ओह," म्हणाली आणि अंघोळीला गेली. ग्रँडसुद्धा म्हणाली नाही.

पोळ्या आम्हीच खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

आईची पोरगी आहे म्हटलं मी.

ताई


वाई
७ मे २०२५

ती. ताई,

बरं केलंस, असं लिहायला बसले होते. लिहिलंही. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ते पान फाडलं.

ताई, पायरीवर पाणी का शिंपडलं असेल गं? पाऊस पडून गेलेला असताना? आपण सडा कधी घालतो? कुणी यायचं असलं की. आणि थंडीच्या देशात नटूनथटून दार उघडं कोण ठेवतं? माझ्या मनात आपलं आलं. मला त्यांच्यातलं काय कळतं म्हणा.

शर्वाणीला विचारून घे. आणि मी जे लिहिलं होतं ते, म्हणजे, मी वाईत बसून लिहिलं होतं. तू तिथे होतीस.

मोगऱ्याचा बहर ओसरला.

शोभना


ॲडम्सटाउन
२४ मे २०२५

तुला वाईत बसून दिसलं ते मला खिडकीत बसून दिसलं नाही. आणि दिसलं तुला, तर आधी का दिसलं नाही? "मी वाईत बसून लिहिलं होतं" म्हणे! हात झटकायची तुझी ही सवय लहानपणापासूनची.

शोभना, परवा विमानात बसतेय. हे पत्र माझ्या मागून येईल तरी लिहितेय, कारण तोंडाने मी हे बोलणार नाही. विचारू नकोस.

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. चहाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेव्ह दारात आली. हातात लाकडी डबी. शर्वाणीशी बोलत होती. मी जिन्यात उभी. शर्वाणी वळली, तिचे डोळे भरलेले.

"आजी, डोअर तुझ्यासाठी ओपन ठेवला होता. त्यांच्या टी-सेरिमनीत हाक नाही मारत. पाणी टाकतात आणि डोअर थोडा ओपन ठेवतात. म्हणजे सगळं रेडी, या. गेस्टने आपल्या आपण यायचं. तो साइन असतो."

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"पण तू बघितलंस? पाणी बघितलंस?"

"बघितलं."

"डोअर बघितलास? आणि नाही गेलीस?"

मी म्हटलं, आपल्यात बोलावणं लागतं. शोभना, ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि मला आई दिसली, ओट्यावर. वाजंत्री ऐकत बसलेली. आपल्या घरात मान मान म्हणतात तो म्हणजे दुसऱ्याचं पान वाढलेलं असताना उपाशी बसणं. आईचं कौतुक आपण सांगत आलो. ती रात्री पाठ करून रडत होती, ते तू विसरलीस. मला आठवत होतं, तरी मी तिच्याच जागी जाऊन बसले.

मेव्ह सांगत होती, बाई महिनाभर रोज सराव करत होत्या. मधलंच काहीतरी विसरायच्या, पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी एकही चूक झाली नाही. रुमालाची घडी, पळी, वाडगा पुसणं, सगळं क्रमानं. मेव्ह स्वयंपाकघरातून बघत होती. समोरची बैठक रिकामी. किटलीतल्या उकळत्या पाण्याचा आवाज बंद होईपर्यंत बसल्या, मग उठून दार लावलं.

डबीत मिठाई होती. पांढरी. मोगरा. फोनवरच्या चित्रावरून केलेला, पाकळीवर पाकळी, खाली हिरव्याचा एक थेंब. वाळून चिरा पडल्या होत्या. पुरण माझ्याच यंत्रातून काढलेलं असणार, चहाच्या आदल्या आठवड्यात शर्वाणीनं ते पुन्हा नेऊन दिलं होतं; लगदा इतका मऊ चाळणीतून येत नाही. या खेपेला मी आधी बघितला. बराच वेळ बघितला. मग खाल्ला. दाताला चिकटला. वास नव्हता, कुठून असणार?

त्याच दिवशी मी त्यांच्या दारात गेले. बोलावण्याशिवाय. मेव्ह म्हणाली, आई झोपलीये. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज बरं नाही. मग सामानाची गाडी आली.

गेल्या आठवड्यात आशिष मला आणि शर्वाणीला नासला घेऊन गेला. जागा चांगली आहे, स्वच्छ, खिडकीत झाडं. कियोकोबाई खुर्चीत बसलेल्या. मला बघून वाकल्या. मला बरं वाटलं. मग चहा आणणारी पोरगी आली, तिलाही तेवढंच वाकल्या. म्हणजे मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

चहा आला. कागदी पिशवी बुडवलेला, दूध घातलेला, सोबत एक बिस्किट. मी आपली पहिला घोट घेणार, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बिस्किटाकडे बोट केलं. स्वतः आधी बिस्किट संपवलं, कणही ठेवला नाही. मग कप दोन्ही हातांनी उचलला, तळहातावर थोडा फिरवला, आणि प्याल्या. तेवढंच राहिलंय. मीही आधी बिस्किट खाल्लं. असलं गोड मी मुळात खात नाही.

निघताना मेव्हनं शर्वाणीला बाजूला घेऊन सांगितलं ते ऐक. म्हणे आईला मधूनच तो दिवस आठवतो. आणि मग ती विचारत राहते, पाहुण्या का आल्या नाहीत? मी पाणी शिंपडायला विसरले का? दार लावून घेतलं होतं का? मेव्ह सांगते, नाही आई, तुझं काही चुकलं नाही. पण तिचा लेकीवर विश्वास बसत नाही. तिला वाटतं, आपली आठवण गेली, आपल्याच हातून काहीतरी राहिलं आणि ही आपलं मन राखतेय.

मी लगेच आत गेले. शर्वाणीला म्हटलं, सांग त्यांना, पायरी ओली होती, दार उघडं होतं, चूक माझी. तिनं सांगितलं. बाई हसल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, पाहुण्या फार भल्या आहेत. झालं! पाहुणा असंच म्हणायचा, असं वाटलं त्यांना. मी घसा फोडून सांगितलं तरी ते शिष्टाचारातच जाणार. मी खरं बोलतेय हे त्यांना पटवायला मी उपयोगाची नाही.

पण तू आहेस. तू त्यांची कुणी नाहीस, त्यांच्या घरचा चहा प्यालेली नाहीस, त्यांचं मन राखायचं तुला कारण नाही. आणि तुला मी दुसऱ्याच दिवशी कळवलं होतं, फुशारकी मारत. त्या ओल्या पायरीची तू एकटी साक्षीदार आहेस.

तेव्हा मला उत्तर लिहायचं नाही. मी तर घरी आलेलीच असेन, आणि घरात हा विषय काढायचा नाही. या पत्राचं उत्तर कियोकोबाईंना द्यायचं, आणि ते तू द्यायचं, तुझ्या हाताने, मराठीत. माझ्याकडून क्षमा वगैरे मागू नकोस, मोगऱ्याचं कौतुक करू नकोस. एवढंच लिही, की माझ्या बहिणीला त्या दिवशी पायरी ओली दिसली होती आणि दाराला हात जाईल एवढी फट दिसली होती, तुमचं काही विसरलं नव्हतं. शर्वाणी नासला जाऊन वाचून दाखवेल आणि इंग्रजीत सांगेल. विसरल्या तर पुन्हा वाचेल, तसं कबूल करून घेतलंय.

तू लिहायचंस. उर्मिलेकडून लिहून घेतलंस तर मला अक्षर ओळखता येतं.

ताई